तांगीबाबांच्या पाठीमागचा जपान

पॅरिसच्या रोदाँ संग्रहालयात लोक जातात ते शिल्पे पाहण्यासाठी. परंतु त्या वास्तूत रोदाँने स्वतःच्या आवडीने जमवलेली काही चित्रेही आहेत आणि त्यांत, उंचीला ९२ व रुंदीला ७५ सेंटिमीटर भरणारे, एका म्हाताऱ्या दुकानदाराचे व्यक्तिचित्र आहे. अंगात निळा जाडाभरडा कोट, डोक्यावर फिकट रंगाची गवती टोपी, पिकलेली दाढी, पोटाशी एकमेकांत गुंफलेले हात. माणूस अगदी समोरासमोर बसला आहे. फोटोग्राफरने दटावून बसवावा तसा नव्हे, तर देवळाच्या ओसरीवर एखादा निवांत म्हातारा टेकावा तसा. पाठीमागची भिंत मात्र पॅरिसच्या कोणत्याही दुकानाची वाटत नाही. ती वरपासून खालपर्यंत जपानी छापचित्रांनी झाकलेली आहे. बहरलेले चेरीचे झाड, दूरवरचे मुलूख, भरजरी किमोनोतल्या स्त्रिया, आणि टोपीच्या बरोबर वर, मुकुट चढवावा तसा, फुजीचा डोंगर.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ च्या शरद ऋतूत हे चित्र रंगवले. युरोपीय चित्रकलेवर जपानचा प्रभाव कसा पडला, या प्रश्नाच्या चर्चेत ते नेहमी दाखल्यासारखे दाखवले जाते. परंतु दाखला म्हणून पाहिलेले चित्र बहुधा अर्धेच पाहिले जाते. पॅरिसमधल्या एका रंगविक्या म्हाताऱ्याच्या माथ्यावर फुजीचा डोंगर कशासाठी आला, हा साधा प्रश्न विचारला म्हणजे ‘प्रभाव’ या गुळगुळीत झालेल्या शब्दाच्या पोटात काय काय दडलेले असते याचा काहीसा उलगडा होऊ लागतो.

म्हाताऱ्याचे नाव ज्यूल्यँ तांगी. चित्रकार त्याला ‘पेर तांगी’ म्हणत. मराठीत त्याला तांगीबाबा म्हणणेच योग्य. १८२५ साली ब्रिटनी प्रांतातल्या एका खेड्यात गरिबीत त्याचा जन्म झाला. पोटासाठी पॅरिसला आल्यावर तो रंग घोटण्याच्या धंद्यात शिरला आणि तयार रंग पाठीवर घेऊन, शहराबाहेर उघड्यावर चित्रे काढीत बसणाऱ्या तरुणांना ते विकू लागला. कथलाच्या पिळता येणाऱ्या नळीत रंग भरण्याची युक्ती १८४१ मध्ये निघाली होती, म्हणूनच तर चित्रकाराला आपली खोली सोडून नदीकाठी जाणे शक्य झाले होते. मोने, पिसारो, रनवार या मंडळींच्या प्रकाशाचे पोवाडे गाताना त्या नळीचा आणि ती आणून देणाऱ्याचा उल्लेख सहसा राहून जातो. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये तांगी बंडवाल्यांच्या बाजूने उभा राहिला, पकडला गेला आणि बंदिवास भोगून परतला. पुढे माँमार्त्रच्या पायथ्याशी क्लोझेल नावाच्या गल्लीत त्याने छोटेसे दुकान थाटले.

हे दुकान म्हणजे दुकानदारीचा नमुना नव्हता. चित्रकाराजवळ पैसे नसले तर तांगी रंग उधार देई. उधारी फिटण्याची आशा नसली तर बदल्यात चित्र ठेवून घेई. आणि घेतलेली चित्रे कोणी विकत घेत नसे, म्हणून ती दुकानातच साठून राहत. सेझानची चित्रे पाहायची तर पॅरिसमध्ये कित्येक वर्षे जवळजवळ ही एकच जागा होती. दिवसाला अर्ध्या फ्रँकहून अधिक खर्च करणारा माणूस लुच्चाच असला पाहिजे, असे तांगीबाबांचे मत असल्याचे त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या पत्नीचे या अर्थशास्त्राविषयी काय मत होते हे सांगण्याची गरज नाही. व्हिन्सेंटच्या पत्रांत या बाईंविषयी कडवट उद्गार आहेत. पण घर चालवण्याचा भार ज्या बाईवर होता तिची बाजू त्या पत्रांत कोठून येणार?

आता त्या भिंतीकडे वळावे. १८५४ मध्ये अमेरिकी आरमाराच्या दडपणाखाली जपानने आपली बंदरे खुली करण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत जपानी पंखे, चिनीमातीची भांडी, रेशीम व कागद युरोपच्या बाजारात येऊन पडले. त्यांच्याबरोबर लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रेही आली. भांड्यांच्या वेष्टणाचा कागद म्हणून ती पॅरिसला पोचली आणि तेथे एका चित्रकाराच्या नजरेस पडली, अशी एक दंतकथा आहे. दंतकथा खोटी असेल, पण त्या चित्रांची प्रतिष्ठा तिच्यातून नेमकी कळते. एडो शहरात असले चित्र वाडगाभर शेवयांच्या किमतीला मिळे, असे सांगतात. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापील तसबिरी जशा भिंतीवर लागल्या, तशीच ती सामान्य शहरवासीयाच्या घरी लागत आणि जुनी झाली की फेकली जात. एक चित्रकार आराखडा काढी, दुसरा कारागीर चेरीच्या लाकडावर तो कोरी, तिसरा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून छपाई करी आणि प्रकाशक विक्री पाही. ठशावर भरलेला रंग सपाट उमटतो. त्यात सावलीची चढउतार आणणे सोपे नसते. म्हणून या कलेने सावलीवाचून भागवण्याचे शास्त्र घडवले. ठसठशीत बाह्यरेषा, तिच्या आत एकसंध रंग, चौकटीने निर्दयपणे कापलेली आकृती, आणि दूरचे व जवळचे एकाच पातळीवर आणून ठेवण्याचे धैर्य.

युरोपातल्या चित्रशाळा तेव्हा नेमके उलटे शिकवीत होत्या. छायाप्रकाशाने गोलाई आणावी, यथार्थदर्शनाने खोली आणावी, रेषा विरघळून टाकावी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्याच दशकांत गिरवला जाणारा धडाही हाच होता.

जपानच्या या लाटेत व्यक्तिचित्रे पुष्कळ झाली, पण त्यांतल्या बहुतेकांत जपान आहे तो कपड्यांच्या पेटीतला. व्हिसलरने १८६३ ते १८६५ या काळात एका सुंदर तरुणीला किमोनो नेसवून, पडद्यापुढे उभी करून ‘चिनीमातीच्या मुलखातील राजकन्या’ रंगवली. १८७६ मध्ये मोनेने आपली पत्नी कामीय हिला लालभडक जरतारी किमोनोत उभे केले, हातात पंखा दिला, भिंतीवर पंखे चिकटवले, आणि ती जपानी नाही हे कोणाच्या ध्यानातून सुटू नये म्हणून की काय, तिच्या काळ्याभोर केसांवर सोनेरी टोप चढवला! चित्र देखणे आहे. उतारवयात मोनेने स्वतःच ते टाकाऊ ठरवल्याची नोंद आहे. त्यात रंगकाम फ्रेंच आहे, उभे राहण्याची ढब फ्रेंच आहे. जपान आहे तो वेषांतराच्या खेळापुरता.

एदुआर मानेने १८६८ मध्ये रंगवलेले एमिल झोलाचे व्यक्तिचित्र याहून फार वरच्या तोलाचे. झोला तेव्हा तिशीच्या आतला, नाव कमावू पाहणारा लेखक होता. मानेची सर्वत्र टवाळी चालली असताना त्याने वृत्तपत्रातून त्याची पाठराखण केली होती आणि त्या उपकाराची ही फेड होती. मेजावर झोलाने मानेवर लिहिलेली निळ्या वेष्टणाची पुस्तिका आहे आणि तिच्यावरचे नाव हीच चित्रकाराची सही. बाजूला सोनेरी जपानी पडदा. भिंतीवरच्या चौकटीत तीन चित्रे: वेलास्केथच्या मद्यपींच्या चित्राची प्रतिकृती, मानेच्याच ‘ऑलिंपिया’ या बदनाम चित्राची प्रतिकृती, आणि दुसऱ्या कुनिआकीने काढलेला जपानी मल्ल. म्हणजे स्पेन, जपान आणि त्या दोघांपासून शिकलेला माने, अशी ती वंशावळच आहे. प्रतिकृतीतली ऑलिंपिया तर मूळ चित्रातली नजर सोडून झोलाकडे वळून पाहते! येथे जपान केवळ टांगलेला नाही. झोलाचा काळा कोट जवळजवळ सलग काळ्या रंगाचा एक आकार आहे. मल्लाच्या चित्रातला सपाटपणा भिंतीवरून उतरून माणसाच्या अंगावर आला आहे. मात्र ओदिलाँ रेदाँने तेव्हाच घेतलेला आक्षेप खोटा म्हणता येत नाही. या चित्रात माणसापेक्षा वस्तूच अधिक जिवंत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १८९८ मध्ये ड्रायफसच्या बाजूने सर्व राज्ययंत्रणेला आव्हान देणारा झोला या चेहऱ्यात शोधूनही सापडत नाही. माने आपल्या कलेची कैफियत मांडीत होता आणि झोला त्या कैफियतीचा साक्षीदार म्हणून बसला होता.

व्हॅन गॉगची वाट वेगळी होती, आणि ती मातकट रंगांतून आली होती. १८८५ मध्ये हॉलंडमधल्या खेड्यात ‘बटाटे खाणारे’ रंगवणाऱ्या या माणसाच्या तबकडीवर माती आणि काजळी यांखेरीज फारसे काही नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस अँटवर्पच्या खोलीत त्याने भिंतींना जपानी छापचित्रे टोचली. १८८६ च्या आरंभी तो पॅरिसला भाऊ थिओ याच्याकडे आला. बिंग नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात माळ्यावर छापचित्रांचे हजारोंनी गठ्ठे पडले होते; तेथे तासन्‌तास बसून तो ती चाळी आणि तीन सू, म्हणजे पंधरा सेंटिम, अशा नगण्य दराने विकत घेई. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात या बंधूंच्या संग्रहातली पाचशेहून अधिक छापचित्रे आजही आहेत. १८८७ मध्ये त्याने एका कॉफीगृहात त्यांचे प्रदर्शन भरवले. हिरोशिगेची दोन आणि एइसेनचे एक चित्र त्याने तैलरंगात उतरवून काढले. हिरोशिगेच्या चित्रांभोवती जपानी अक्षरांच्या पट्ट्याही घातल्या. अक्षरांचा अर्थ त्याला कळत नव्हता. शिकाऊ मुलाने कित्ता गिरवावा, तसे हे काम होते.

तांगीबाबांची त्याने तीन व्यक्तिचित्रे केली. पहिले १८८७ च्या आरंभीचे, आता कोपनहेगनमध्ये असलेले, तपकिरी आणि मवाळ आहे. त्यात जपानचा मागमूस नाही. उरलेली दोन त्याच वर्षाच्या उत्तरार्धातली. अवघ्या काही महिन्यांत काय घडले हे ती तिन्ही शेजारी ठेवली असता डोळ्यांना कळते. रोदाँ संग्रहालयातल्या चित्रात माणसाची सावली भिंतीवर पडत नाही. तो भिंतीपासून किती अंतरावर बसला आहे हे सांगता येत नाही. कोटाच्या कडा गडद रेषेने बांधल्या आहेत आणि रंग एकमेकांना भिडवले आहेत. ही शिस्त ठशाची आहे. पण जपानी ठशाचा रंग कागदात मुरतो, त्याला जाडी नसते; व्हिन्सेंटचा रंग बोटाला लागावा इतका जाड आहे, दाढीचा केस न्‌ केस ब्रशाच्या फटकाऱ्याने उभा केलेला आहे. ज्या गुरूचा कित्ता त्याने काही दिवसांपूर्वी गिरवला, त्याच्याच पाठीला पाठ लावून तो येथे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहू लागला आहे.

आणि येथेच मोनेच्या किमोनोशी तुलना अटळ होते. तांगीबाबांना व्हिन्सेंटने किमोनो घातला नाही. कोट त्यांचाच, टोपी त्यांचीच, कष्टाने जाड झालेले हातही त्यांचेच. फक्त पाठीमागे तो मुलूख आणून ठेवला, जेथे चित्रकार एकमेकांशी चित्रांची देवघेव करतात, साधेपणाने राहतात, गवताच्या एका पात्याचा अभ्यास करीत आयुष्य काढतात. जपानी कलावंतांविषयी अशी त्याची समजूत होती आणि त्याच्या पत्रांतून ती वारंवार डोकावते. त्या समजुतीत बसणारा एकच माणूस पॅरिसमध्ये त्याला भेटला होता, आणि तो चित्रकार नव्हता. चित्रे ठेवून घेऊन रंग देणारा होता. समोर बसलेल्या म्हाताऱ्यात अनेकांना ध्यानस्थ बुद्ध दिसला तो उगीच नव्हे. वर्षभरात व्हिन्सेंटने स्वतःचेच एक व्यक्तिचित्र बुद्धाच्या उपासक भिक्षूच्या रूपात कल्पून रंगवले. आणि आर्लहून लिहिलेल्या एका पत्रात, आपण म्हातारे होण्याइतके जगलो तर तांगीबाबांसारखे होऊ, असेही तो म्हणून गेला.

यावर आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. हा जपान कोठेच नव्हता. व्हिन्सेंटने त्या देशाचा किनाराही पाहिला नाही. त्याचे ज्ञान तीन सूंच्या कागदावरचे आणि १८८७ मध्ये निघालेल्या प्येर लोतीच्या कादंबरीतले. ज्या छापचित्रांत त्याला वैराग्य दिसले ती प्रत्यक्षात एडोच्या नाटकशाळा आणि गणिकावस्ती यांच्या जाहिरातबाजीत वाढलेली, नफ्यातोट्याचा हिशोब पाहणाऱ्या प्रकाशकांची निर्मिती होती. तांगीबाबांच्या भोवती फेर धरून उभ्या असलेल्या त्या सुंदर स्त्रियांत एइसेनच्या चित्रातली गणिका आहेच. बाबा तिच्याकडे पाठ करून निर्विकार बसले आहेत. खरा जपान त्या वेळी काय करीत होता? १८७६ साली, म्हणजे मोने पत्नीला किमोनो नेसवीत होता त्याच वर्षी, तोक्योत सरकारने पाश्चात्त्य कला शिकवणारी शाळा काढली आणि तैलरंग, छायाप्रकाश व यथार्थदर्शन शिकवण्यासाठी इटलीहून फोन्तानेसी नावाचा चित्रकार बोलावला. पॅरिस सावली पुसायला शिकत होते आणि तोक्यो ती घालायला!

तरीही या गैरसमजाला केवळ गैरसमज म्हणून निकालात काढणे घाईचे होईल. कारण ‘शुद्ध’ जपान तरी त्या कागदावर कोठे होता? युरोपशी व्यवहार बंद असलेल्या दोनशेहून अधिक वर्षांत एकट्या डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरात मुभा होती. त्यांच्या गलबतांतून आलेल्या कोरीव चित्रांवरून जपानी चित्रकार यथार्थदर्शन शिकले. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला ‘प्रशियन निळा’ रंगही पुढे परदेशी व्यापारातूनच जपानला पोचला आणि त्याच्या बळावर होकुसाईने १८३० नंतर फुजीची ती जगप्रसिद्ध चित्रमाला केली. त्या निळ्या रंगाने न्हालेली चित्रे मग पॅरिसच्या माळ्यावर आली आणि एका डच माणसाने ती अस्सल जपानी म्हणून छातीशी धरली. त्याने जे उचलले त्यात त्याच्याच पूर्वजांच्या व्यापाराचे व्याज होते. तेव्हा उसनवारी झाली की नाही हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. उसने घेतलेले घरात आणून कोणाच्या पाठीशी उभे केले, हे विचारले पाहिजे. मोनेने ते शोभेपाशी ठेवले, मानेने आपल्या बाजूच्या पुराव्यात दाखल केले. व्हिन्सेंटने एका बंडखोर, कर्जबुडव्यांना पोसणाऱ्या, समाजाच्या हिशोबी कवडीमोल असलेल्या माणसाला आसन म्हणून ते दिले. कागद कवडीमोल, माणूस कवडीमोल, आणि चित्रकारही तेव्हा तसाच. या तिघांना एकमेकांची किंमत कळली होती.

बाजाराला ती कळायला वेळ लागला. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंटच्या अंत्ययात्रेला जे थोडे लोक गेले त्यांत तांगीबाबा होते. फेब्रुवारी १८९४ मध्ये ते स्वतः वारले. मागे राहिलेल्या पत्नीच्या निर्वाहासाठी लेखक ऑक्ताव्ह मिरबो याने पुढाकार घेऊन जूनमध्ये लिलाव घडवून आणला. अनेक चित्रकारांनी आपली चित्रे दिली, आणि दुकानात साठलेली सेझानची चित्रे किरकोळ किमतीला गेली. याच मिरबोने तांगीच्या दुकानातून व्हिन्सेंटची आयरिसची फुले काही शे फ्रँकांना घेतली होती. ते चित्र १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी ३९ लाख डॉलरला विकले गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या सूर्यफुलांचे एक चित्र सुमारे २ कोटी ४८ लाख पौंडांना घेणारी विमा कंपनी जपानी होती. ते तोक्योत आहे.

तांगीबाबांचे व्यक्तिचित्र त्यांच्या मृत्यूनंतर रोदाँकडे आले. रोदाँही जपानी छापचित्रांचा शौकीन होता. १९१० मध्ये तोक्योतल्या ‘शिराकाबा’ या मासिकाच्या तरुण लेखकांनी त्याच्यावर विशेषांक काढला आणि त्याच्याकडे काही जुनी छापचित्रे भेट म्हणून पाठवली. वृद्ध शिल्पकाराने उलट आपली तीन लहान ब्राँझ शिल्पे जपानला रवाना केली. १९११ च्या अखेरीस ती त्या तरुणांच्या हाती पडली. पैसे कोणी कोणाला दिले नाहीत.